कोऱ्या जागेखालच्या दोन सह्या

"आम्ही खाली सह्या करणारे दोन पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून स्वखुशीने हजर राहून लिहून देतो की"

इथंच थांबू या. ह्या वाक्यातला एकही शब्द खरा नाही, आणि ज्याला ते सगळ्यांत आधी कळायला हवं तो रेमंड मिरांडा या क्षणी झेरॉक्सच्या काचेवरचा डाग सदऱ्याच्या बाहीनं पुसतोय.

सकाळचे अकरा वाजलेत. मेट्रोच्या पुलाखालून आत वळलं की गावठाण लागतं, आणि गावठाणाच्या तोंडाशी, पोलीस चौकीला चिकटून, 'जेनेव्हिव्ह झेरॉक्स' आहे. पोरीच्या नावाचं दुकान. काउंटरपलीकडे काळा कोट हातावर टाकून एक तरुण वकील उभी आहे. माधुरी तिचं नाव, राहणार घाटकोपर, आणि तिला घाई आहे.

"अंकल, पाच कागद आहेत. प्रत्येकी दोन. पटापट ना, प्लीज."

धंद्याचा एक नियम रेमंडनं तीस वर्षं पाळला होता. कागद बघायचा, वाचायचा नाही. लोकांचे घटस्फोट, लोकांचे कॅन्सर, लोकांच्या पोरांचे नापास निकाल त्याच्या हाताखालून गेले आणि डोक्यात काही उरलं नाही. चार कागद तसेच गेले. पाचवा ट्रेमध्ये येऊन पडला, गरम, आणि उचलताना खालच्या कोपऱ्यात त्याला स्वतःची सही दिसली.

शेपटीवाला आर. खाली बारीक अक्षरात पत्ता, नुसतं गावठाणाचं नाव. त्याचाच.

तिच्याखाली दुसरी सही, शेजारच्या बेकरीवाल्याची. जेफ्रीची.

जेफ्री जानेवारीत गेला. तीन राजांच्या सणाच्या दोन दिवस आधी. शवपेटीची पुढची डावी बाजू रेमंडच्याच खांद्यावर होती. आणि ह्या कागदावर तारीख होती गेल्या गुरुवारची, मे महिन्यातली. वेळ सकाळी साडेसात.

म्हणजे पुरलेल्या माणसानं गुरुवारी सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभं राहून काहीतरी पाहिलं होतं. आणि रेमंडनं त्याच्या शेजारी उभं राहून.

"अंकल? अडकलं का मशीन?"

"नाय, नाय. गरम झालंय जरा."

त्यानं कागद परत काचेवर ठेवला. हिरवा उजेड डावीकडून उजवीकडे सरकत गेला. आणखी दोन कॉपी आल्या. एक त्यानं तिच्या गठ्ठ्यात ठेवली, एक काउंटरखालच्या बिघडलेल्या कॉप्यांच्या ढिगात सरकवली. कशाला, ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"तुम्ही इथलेच ना?" माधुरी कागद लावता लावता म्हणाली. "ह्या गावठाणात रेमंड मिरांडा कोण आहे?"

रेमंडनं पुन्हा काच पुसायला घेतली.

"कशाला पायजे?"

"पंच आहे तो. एका माणसाला बांगलादेशी म्हणून उचललंय. मुर्शिदाबादचा आहे, आपल्या बंगालमधला. टाइल्स बसवतो. मिथुन शेख. आणि ह्या दोन महापुरुषांनी लिहून दिलंय की त्याच्याकडे एक पण कागद नव्हता आणि तो स्वतःच्या तोंडानं बोलला, मी बांगलादेशचा." तिनं त्या पानावर बोट आपटलं. "संध्याकाळी सहाला गाडी निघणार. इथून पुण्याला, तिथून विमान, मग बॉर्डर. एकदा पलीकडे ढकलला की मी त्याला कुठल्या कोर्टात शोधू?"

मिथुन.

"गावठाणात दर तिसऱ्या घरात एक रेमंड सापडंल," रेमंड म्हणाला.

"मिरांडा?"

"मिरांडा पण पुष्कळ."

तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग रद्दीतला एक कागद ओढून त्यावर फोन नंबर लिहिला. "सापडला तर ह्याच्यावर फोन करायला सांगा. साडेचारच्या आत, कोर्ट उठायच्या आधी. आणि घाबरत असेल तर सांगा, मी पण घाबरते. परवा पोलीस आमच्या वस्तीत शिरले होते. माझ्या बाबांना, राजाराम नाव त्यांचं, म्हणाले कागद दाखव. बाबांनी काय दाखवलं माहितीये? रिटायर होताना मिळालेलं घड्याळ."

ती हसली. रेमंडही हसला. ती गेल्यावर त्यानं नंबराचा कागद घडी करून खिशात ठेवला.

*

"सदर इसमाकडे वास्तव्याबाबत कोणताही पुरावा मिळून आला नाही."

मिळून आला नाही.

दोन वर्षांपूर्वी रेमंडच्या स्वयंपाकघरातली लादी ह्याच मिथुननं बसवली. चारकोपला सेक्टरमधल्या बिल्डिंगींत काम करायचा, रविवारी असली छोटी कामं घ्यायचा. पाच रविवार उकिडवा बसून होता तो त्या घरात. रेमंडची बायको हिल्डा त्याला चहा द्यायची आणि तो चहा घेऊन उंबऱ्याबाहेर जायचा, लादी ओली आहे म्हणून. त्याच्या पायांची बोटं सिमेंटनं कायमची पांढरी झालेली. घासून निघत नव्हती.

आणि त्याचे कागद! मिथुनइतका कागदवेडा माणूस रेमंडनं पाहिला नाही. आधार, मतदान कार्ड, शाळेचा दाखला, बापाचं नाव असलेल्या जुन्या मतदारयादीचं पान, आजाच्या जमिनीचा बंगालीतला उतारा. महिन्यातून एकदा यायचा आणि सगळ्याचे दोन-दोन सेट काढायचा. एक खोलीवर, एक खिशात, एक मुकादमाकडे, एक गावी.

"लग्न ठरलंय काय रे तुझं? इतके कागद तर पोपला पण लागत नाय," रेमंड म्हणायचा.

"अंकल, मेरा मुँह देखके किसी को भरोसा नहीं होता. कागज देखके होता है."

"मग तोंडाचंच लॅमिनेशन करून देतो, बस."

दोघं हसायचे. आता रेमंडला आठवलं की हसताना मिथुन फाइल छातीशी धरायचा.

*

सह्यांचं कसं सुरू झालं ते सांगायला हवं.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. आसपासची, बरी म्हणावीत अशी दोन माणसं. पण पंच व्हायला कुणी तयार नसतं. पंच झालं की दहा वर्षांनी कोर्टाचं बोलावणं येतं, खाडा होतो, गुंडाचे भाऊबंद घर बघून जातात. चौकीला लागून दुकान असलेला माणूस मात्र कुठे पळणार? बावीस वर्षांपूर्वी एका सबइन्स्पेक्टरनं हाक मारली, "मिरांडासाहेब, दोन मिनिटं." रेमंड गेला. चोरीची सायकल खरोखर तिथं होती. त्यानं ती पाहिली, घंटी वाजवून पाहिली, सही केली. शेजारच्या बेकरीतून जेफ्रीला बोलावलं, त्यानंही केली. दोघांना चहा मिळाला. जेफ्री नंतर आठवडाभर गावठाणात सांगत फिरला की सरकार आपल्याला विचारतं.

मग कधी पाऊस असायचा, कधी दुकानात गर्दी. "अंकल, यायची गरज नाही, हे वाचा आणि सही करा." मग, "वाचत काय बसता, रोजचंच आहे." मग एक दिवस हवालदार धोंडिराम वीस कोरे कागद घेऊन आला. "खाली सही मारून ठेवा. तुम्हाला सारखा त्रास नको आणि मला पण नको." दोघांनी काउंटरवर कोपरं टेकून सह्या मारल्या, जेफ्रीनं तर बिस्किट खात. पाठमोऱ्या दुकानदाराला जसं गिऱ्हाईक दिसत नाही तसं त्या कागदांच्या वरच्या जागेत काय येणार ते दोघांना दिसलं नाही. बघायला वळावं असंही वाटलं नाही.

वीस. मग पुन्हा वीस. मग दिवाळीच्या आधी किती होते कोण जाणे.

दुकानापुढचं ताडपत्रीचं छप्पर त्यानंतर कुणी कधी काढायला लावलं नाही. हे खरं आहे, आणि रेमंडनं ते कधीच जोडून पाहिलं नव्हतं हेही खरं आहे.

(हे शेवटचं वाक्य खोटं आहे. जोडून पाहिलं होतं.)

*

साडेबाराला तो चौकीत गेला. ड्यूटीच्या नवीन वेळापत्रकाच्या कॉपी द्यायच्या होत्या, तेवढंच निमित्त.

"या अंकल! आज स्वतः?" धोंडिराम टेबलावर पाय पसरून लिंबू सरबत पीत होता. साताऱ्याकडचा माणूस, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गुडघ्याला पट्टा. रेमंडच्या घरी नाताळचे कल्कल खाऊन गेलेला. "जेनेव्हिव्हचं काय म्हणतंय कॅनडा?"

"बघू. व्हिसासाठी तुमच्याकडचं क्लिअरन्स आलं की पुढं."

"माझ्याच टेबलावर आहे." धोंडिरामनं एका गठ्ठ्यावर थाप मारली. "होईल. आपलीच पोर."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. फरशीवर माणसं भिंतीला टेकून बसली होती. रेमंडनं तिकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही हे ठरवताना मान दुखायला लागली.

"गर्दी झालीय आज."

"सात. गुरुवारचा माल. नाक्यावर चाळीस उभे होते, त्यातले सात."

"सातच कसे काय ओळखले, भाऊ?"

"तोंड बघून कळतं की. लुंगी, दाढी, आणि बोलायला लागला की तोंडात गुलाबजाम ठेवल्यागत." धोंडिराम हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? वरून आकडा येतो. आकडा सात होता. आठ असता तर आठ ओळखले असते."

रेमंडला उगाचच आठवलं: मेट्रोत, बँकेत, नव्या टॉवरच्या गेटवर त्याला लोक विचारायचे, तुम्ही गोव्याचे का? मराठी कुठं शिकलात? तो म्हणायचा, मी इथलाच. ते म्हणायचे, नाही पण मूळचे कुठले? आत्तापर्यंत ह्यात हसण्यासारखं काहीतरी होतं.

जेफ्री मेलाय, हे वाक्य त्याच्या दातांपर्यंत आलं. जेफ्री जानेवारीत मेलाय भाऊ, तुम्ही मेलेल्याचा कागद वापरलाय. आणि तिथंच त्यानं ते गिळलं, कारण हे बोललं की धोंडिराम फक्त ड्रॉवर उघडेल आणि दुसरं पान काढेल.

"भाऊ, आपली ती जुनी पानं... अजून आहेत काय?"

"आहेत की." धोंडिरामनं गुडघ्यानंच ड्रॉवर बंद असल्याची खात्री केली. "तुमची कृपा. का हो?"

"सहजच."

"अंकल!"

हाक आतून आली. दारात मिथुन उभा राहिला होता. दाढी वाढलेली, सदरा एका बाजूनं फाटलेला, आणि चेहऱ्यावर आनंद, सुटका झाल्यासारखा.

"साब, ये अंकल को पूछो! अंकल ने मेरा सब कागज देखा है. अंकल, बोलो ना! बाप का वोटर लिस्ट, स्कूल का, सब इनकी मशीन से निकला है!"

धोंडिरामनं पाय टेबलावरून खाली घेतले.

"सगळे तुमच्या मशीनमधून निघाले?" त्यानं सावकाश विचारलं. "अंकल, पलीकडच्या हद्दीत दोन झेरॉक्सवाले आत आहेत. जन्माचे दाखले बनवून द्यायचे. कागद त्यांचा, लॅमिनेशन त्यांचं. मी काही म्हणत नाही हां. साहेब म्हणतील." मग अगदी मायेनं: "ओळखता का ह्याला?"

रेमंडनं मिथुनच्या पायांकडे पाहिलं. अनवाणी होते. बोटं पांढरी.

"दिवसाला शंभर गिऱ्हाईक येतात, भाऊ," तो म्हणाला. "तोंडं कुठे लक्षात राहतात."

मिथुन तसाच उभा राहिला, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखा. मग आत जाऊन बसला.

*

बाहेर आल्यावर रेमंड दुकानात गेला नाही. गल्लीतल्या क्रुसापाशी उभा राहिला. संध्याकाळच्या लादाइनच्या प्रार्थनेसाठी कुणीतरी झेंडूच्या माळा लावून ठेवल्या होत्या.

*

हिल्डानं सगळं ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "गप बस."

"हिल्डा..."

"गप बस म्हणते ना. जेनीचं क्लिअरन्स येऊ दे. मग काय ते हुशारी कर. बावीस वर्षं सह्या केल्यास तवा मला विचारलंस?"

"आज सहाला नेतात त्याला."

"तुला पण नेतील. दाखले छापतो म्हणून. पेपरात फोटो येईल, तोंडावर काळं फडकं टाकून. मी काय करू मग, नॅटलीच्या ओट्यावर जाऊन बसू?" नॅटली म्हणजे जेफ्रीची बायको, दोन घरं सोडून राहायची. तिचं नाव स्वतःच्याच तोंडून निघाल्यावर हिल्डा थबकली. "जेफ्रीची सही हाय म्हणालास?"

"हाय."

तिनं छातीवर क्रूस केला. "पाच महिने झाले नाय माणसाला जाऊन, आणि त्याला खोटी साक्ष द्यायला उठवून नेलं मेल्यांनी."

रेमंड खुर्चीवर बसला. समोर फ्रिजवर, चुंबकाखाली, लादाइनची यादी होती, प्रार्थनेनंतर कुठल्या दिवशी चणे कुणी वाटायचे त्याची. हिल्डाच्या अक्षरात. सोमवार आमचं घर, चणे दोन किलो. मंगळवार नॅटली. बुधवार डेल्रॉयची आई. दुकानातल्या बिघडलेल्या कॉप्या हिल्डा घरी आणायची, पाठकोऱ्या बाजूवर सगळा संसार लिहायची. कागद पातळ होता आणि चण्यांच्या मधून पलीकडची छपाई दिसत होती. रेमंड उठला आणि यादी उलटी केली.

तिरकी गेलेली कॉपी. वरचा कोपरा कापला गेलेला. जुनी मतदारयादी, बंगालीत, बाजूला इंग्रजीत शिक्का, आणि एका ओळीखाली पेननं रेघ मारलेली. मिथुनच्या बापाची ओळ. त्यानंच दाखवली होती एकदा, बोटानं.

"ती फाडू नको हां," हिल्डा म्हणाली. "गुरुवारचे चणे कोणाचे ते त्याच्यावरच हाय."

"ड्रॉवरमध्ये अजून पानं हायत."

"कसली?"

"माझ्या सहीची. कोरी. किती ते मला ठाऊक नाय." तो पुन्हा खुर्चीवर बसला. "वर काय पण लिहितील, हिल्डा. मी बघितलं म्हणून लिहितील. नॅटलीच्या घरात काय सापडलं ते लिहितील. जेनीचं लिहितील. तुझं. आज मी गप बसलो तरी मी तिथं बोलतोच हाय. रोज बोलतोय. मी झोपलेला असताना बोलतोय. आणि मी मेल्यावर पण बोलणार, तो जेफ्री बोलतोय तसा."

हिल्डा खाली लादीवरच बसली. मिथुननं बसवलेल्या लादीवर. तिनं एका सांध्यावरून बोट फिरवलं, सुरुवातीला भांडली होती ती ह्या सांध्यांवरून, फार जाड ठेवलेस म्हणून.

मग ती उठली. एक दुसरा कागद घेतला, यादी समोर ठेवली आणि सावकाश, एकेक नाव, एकेक किलो उतरवायला लागली. सगळं उतरवून झाल्यावर जुना कागद रेमंडच्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "आणि जेवून जा. उपाशीपोटी तुझा हात कापतो."

तो जेवला नाही.

*

रेमंडनं फोन केल्यावर अडीच वाजता माधुरी अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत आली.

"तुम्हीच?"

"मीच."

"साडेतीन तास, अंकल." ती ओरडली नाही. "साडेतीन तास घालवलेत तुम्ही त्याचे."

"घाबरलो."

"आता नाही?"

"जास्त घाबरलोय आता."

तिनं लॅपटॉप उघडला. तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. गुरुवारी सकाळी मी नाक्यावर नव्हतो, दुकानाचं शटर उघडत होतो. माझ्यासमोर कुणी काही कबूल केलं नाही. सदर कागदावर मी सही केली तेव्हा तो कोरा होता. दुसरे पंच जेफ्री चार जानेवारीला मयत आहेत. इथं तो थांबला, ढिगात हात घातला आणि बरंच खाली जाऊन एक कॉपी बाहेर काढली, एका बाजूनं काळी आलेली. जेफ्रीचा मृत्यूचा दाखला. बँकेसाठी, पेन्शनसाठी, गॅसच्या कनेक्शनसाठी नॅटलीला तीसेक कॉपी काढून दिल्या होत्या त्यानं. ही बिघडली होती.

माधुरीनं दाखला पाहिला, पंचनामा पाहिला, तारखा पाहिल्या, आणि तोंडावर हात ठेवला. "हे सकाळी तुमच्या हातात होतं."

रेमंडनं फ्रिजवरचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"आणि हा मिथुनच्या बापाचा?" तिनं यादी उलटून पाहिली. "गुरुवार, फादरच्या घरी, चणे तीन किलो. हे पण कोर्टात जाणार?"

"चणे खरे हायत," रेमंड म्हणाला.

प्रिंट निघाली. पलीकडच्या गल्लीतला नोटरी शिक्का घेऊन आला. रेमंडनं कागद वाचला. पहिल्या शब्दापासून, बोट ठेवून, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मजकूर पानाच्या मधोमध संपत होता. खाली रिकामी जागा होती. त्यानं पेन घेऊन त्या जागेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली.

मग सही केली. हात इतका कापत होता की आर मधेच तुटला.

"ही जुळत नाही हो," माधुरी म्हणाली. "पंचनाम्यावरच्या सहीशी जुळायला हवी, नाहीतर ते म्हणतील हा रेमंडच नव्हे. शेपटी कुठाय?"

स्वतःची सही करायला त्याला तीन कागद लागले. त्यानं पंचनाम्याची कॉपी समोर ठेवली आणि पोरं कित्ता गिरवतात तशी ती पाहून पाहून काढली. खोट्या कागदावरची सही ऐटीत, सरळ होती. खऱ्या कागदावर ती नक्कल केल्यासारखी दिसत होती.

माधुरीनं सगळं स्कॅन करून फोर्टात कोर्टापाशी थांबलेल्या तिच्या सीनियरला पाठवलं. सव्वातीन वाजले होते. "आता?" रेमंडनं विचारलं.

"आता ते उभे राहतील. न्यायाधीश ऐकतील किंवा नाही ऐकणार." ती शटरखालून वाकली. "मी चौकीत बसते. तुम्ही बाहेर येऊ नका."

*

चार.

साडेचार. कोर्ट उठलं असेल.

फोन काउंटरवर. स्क्रीन काळी.

पाच. डेल्रॉयची आई शटर ठोकून म्हणाली, "रेमंड, लादाइनला येतोस ना रे?" ती गेली.

साडेपाचला गाडी आली.

शटर गुडघ्याएवढं वर होतं. रेमंड दुकानात फरशीवर पालथा झोपला, गाल जमिनीला लावून, आणि फटीतून बघत राहिला. तिथून गाडीची चाकं दिसत होती, मागची लोखंडी पायरी दिसत होती आणि माणसांचे पाय. तोंडं दिसत नव्हती.

पहिले पाय, निळ्या स्लिपर. पायरीवर चढले.

दुसरे, बूट, नाड्या नाहीत.

तिसरे अनवाणी. टाचा भेगाळलेल्या, बोटं काळी. पांढरी नाहीत. नाहीत ना? त्यानं डोळे ताणले. नाहीत.

चौथे. पाचवे, म्हाताऱ्याचे, सुजलेले, दुसऱ्या कुणीतरी धरून चढवलेले. सहावे.

मग पोलिसाचे बूट.

सातव्या पायांची त्यानं वाट पाहिली. गाडीचं दार आपटलं. चाकं फिरली. पायरीला लागलेला चिखल रस्त्यावर पडला. गाडी गेली.

फोन वाजला. माधुरीचा मेसेज.

"एकाला थांबवलंय. मिथुन इथेच आहे, सोमवारी तारीख. बाकी सहांची माझ्याकडे नावंही नव्हती. अंकल, त्यांच्या पानांवर पंच कोण?"

रेमंडनं तो तीनदा वाचला. उत्तर लिहायला घेतलं, पुसलं. गुरुवारी सात माणसं उचलली होती. सात पानं लागली असतील. सही कुठे केली हे त्याला माहीत होतं, कशाकशाखाली हे नव्हतं.

*

शटर वर गेलं. बाहेरून कुणीतरी उचललं होतं.

धोंडिराम उभा होता. सरबताचा ग्लास नव्हता, हसू नव्हतं. पट्ट्याचा गुडघा धरून तो काउंटरला टेकला आणि रेमंडकडे बघत राहिला, गावठाणात आज प्रथमच आल्यासारखा.

"जेफ्री गेलाय ते माझ्या ध्यानातच नाही राहिलं," तो शेवटी म्हणाला. "मी आलो होतो की मातीला. हार घेऊन."

"आला होतात."

"साहेबांनी मला सगळ्यांसमोर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. खिशातून घडी केलेला एक कागद काढला आणि काउंटरवर सपाट केला. "ह्याच्या दोन कॉपी काढा. एकावर पोच द्या."

रेमंडनं कागद वाचला. आता तो वाचत होता. नाव त्याचं. पत्ता त्याचा. उद्या सकाळी अकरा वाजता दुकानातील यंत्रसामग्रीच्या कागदपत्रांसह, तसेच स्वतःचा व वडिलांचा जन्माचा दाखला घेऊन चौकशीकामी हजर राहावे.

"पप्पांचा दाखला?" रेमंड म्हणाला. "ते ह्या गल्लीत जन्मले, भाऊ. चर्चच्या वहीत फक्त बाप्तिस्मा हाय. तुम्हाला ठाऊक हाय आम्ही कुठले."

"मला ठाऊक असून काय उपयोग," धोंडिराम म्हणाला. "कागद लागतो."

रेमंडनं काच पुसली. कागद पालथा घातला. हिरवा उजेड सरकत गेला, एकदा, पुन्हा एकदा. बाहेर क्रुसापाशी बायकांनी लादाइन सुरू केली होती. हिल्डाचा आवाज सगळ्यांच्या वर जात होता, नेहमीपेक्षा जास्त मोठा, दुकानापर्यंत पोचावा असा.

एक कॉपी त्यानं स्वतःकडे ठेवली. दुसरीवरचा मजकूर निम्म्या पानातच संपत होता. त्यानं खिशातून पेन काढलं.

"लवकर करा अंकल. रेघ कशाला मारताय?"

"जागा उरलीय," रेमंड म्हणाला, आणि कोपऱ्यापर्यंत ओढून झाल्यावर खाली सही केली.